हात न टेकता उठले!

महिला मंडळाच्या सख्यांनो, आजच्या दिवस फळ्यावरचं हे पुसू नका!

आज दुपारी थोरल्या जाऊबाईंकडे सत्यनारायण होता. गेल्या वर्षी तिथेच, घरच्या बायकांच्या शेवटच्या पंगतीत, माझे गुडघे धरले. उजवा हात उष्टा, डावा टेकूनही उठवेना. शेवटी मुंबईकर पुतण्याने काखेत हात घालून मला उचललं. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या जाऊबाई!

तेव्हापासून रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की मी पडवीचा खांब धरून उठबशा काढते. पहिल्या दिवशी जेमतेम तीन झाल्या. आता वीस होतात, त्याही खांब सोडून. एकसष्टाव्या वर्षी!

आज जाऊबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम खुर्ची मांडलेली. मी पाटावरच बसले. पोटभर जेवले, आणि कुठेही हात न टेकता सरळ उभी राहिले. सगळी पंगत बघत राहिली!

जाऊबाई मात्र अजून पाटावरच. हळूच म्हणाल्या, "अगो शालू, जरा हात दे."

दिला. म्हटलं, "आज उठवते. उद्यापासून सकाळी माझ्या पडवीत या."

येतायत त्या. पडवीला अजून चार खांब आहेत. कोण कोण येतंय?