चवमास्तरचा पहिला घास

त्याला सगळे चवमास्तर म्हणायचे. पेशाने तो ड्रायव्हर. सहलीच्या मोठ्या बसवर त्याने अर्धं आयुष्य काढलं आणि त्याच बसवर मी व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक म्हणजे काय, तर माणसं मोजायची, ज्यांना गाडी लागते त्यांना पिशव्या द्यायच्या आणि खिडकीवरून भांडणाऱ्यांची समजूत घालायची. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. आता अरे-तुरे करतो. कुणाला खटकत असेल तर खटको.

आमचा रस्ता नदीकाठाने जायचा. त्या नदीचा मासा मडक्यात घालून, तोंडाला ओलं फडकं बांधून निखाऱ्यावर शिजवतात. तो खायलाच निम्मी माणसं सहलीला यायची. देऊळ नको, किल्ला नको, मडक्यातला मासा कुठे चांगला मिळतो ते सांगा. काठावर दर चार पावलांवर पाटी, आणि प्रत्येक पाटीवर 'अस्सल'. नवखा माणूस चक्रावूनच जाणार. मग बसमधलं जुनं गिऱ्हाईक नव्याला सांगायचं, फोनवर शोधत बसू नका हो, मास्तर थांबवतील तिथे उतरा.

आणि त्याची एक पद्धत होती. बस थांबली, सगळे बाकांवर बसले, ताटं आली, तरी कुणी हात लावायचा नाही. पहिला घास मास्तरचा. तो बाह्या वर सारणार, डोळे मिटणार, चावणार. मग म्हणणार, "जमलंय." की लोक तुटून पडायचे. हसू नका, मीही थांबायचो. एवढ्या माणसांचं जेवण एका जिभेवर अडलेलं असायचं आणि त्या बाबाला त्याची नशा होती.

ही सवय त्याला आईने लावली. घाटावरच्या नावाड्यांना ती डबे करून द्यायची. दोनच पोरं, हा थोरला आणि धाकटी बहीण. कालवण झालं की आधी याला चाखवायची. याने तोंड वाकडं केलं की बिचारी पुन्हा चूल पेटवायची. बहीण तोवर मासे साफ करत बसलेली, तिला कुणी कधी विचारलं नाही. आईच्या हाताखाली राबून राबून हात मात्र तिचाच तयार झाला. हा नुसता चाखत राहिला.

बहिणीला काठावरचे लोक आक्का म्हणायचे. तिचा नवरा वाळूच्या ट्रकवर होता. एकदा वरून पडला तो कमरेखाली लुळाच झाला. कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा. दुसऱ्याच्या घरी कामाला जायचं तर याला पाणी कोण देणार? म्हणून तिने वळणावर पत्र्याची खानावळ टाकली. पुढे चार बाकं, मागे चूल, चुलीच्या मागे खोली आणि खोलीत त्याची खाट. त्याने हाक मारली की हातातला झारा टाकून ती दोन ढांगांत पोचायची. ती खानावळ तिला त्याच्यासाठीच हवी होती. पण वळणावर गाड्या थांबत नसत. आमची बस थांबली तर बाकीच्या थांबल्या असत्या.

मास्तर थांबवायला तयार नव्हता. म्हणे, घरच्यांची भर करतो असं लोक म्हणतील. शेवटी त्याच्या बायकोने बरंच टोचल्यावर कबूल झाला. मी आक्काला निरोप दिला तेव्हा बाईला काय करू अन् काय नको असं झालं. बाकं घासली, पत्र्याला रंग दिला. नवऱ्याची दाढी केली, का तर भाऊ आत डोकावला तर बरं दिसावं.

आता घोळ काय झाला तो सांगतो. मास्तरला रक्तदाब होता. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं आणि त्याने ते घराबाहेर सगळ्यांपासून लपवलं होतं, कारण मालकाला कळलं असतं तर त्याला स्टिअरिंगवरून उठवला असता. घरी बायको मीठ कमी घालायची, आणि हा बाहेर त्याची वसुली करायचा. बायकोला वाटलं, निदान बहिणीकडे तरी नीट खाईल. तिने गुपचूप नणंदेला फोन केला, की त्यांचं बिनमिठाचं करा आणि कुणाला बोलू नका. आक्काने भावासाठी मुद्दाम वेगळं मडकं लावलं. जाडसर पोटाचा तुकडा त्यातच घातला.

बस थांबली. ताटं आली. कुणी हात लावला नाही. मास्तरने बाह्या सारल्या, डोळे मिटले, घास घेतला. आक्का चुलीपाशी पदराचं टोक मुठीत धरून उभी. त्याने डोळे उघडले आणि ताट पुढे सरकवलं.

"अळणी," तो म्हणाला.

एवढंच. कुणी स्वतःच्या ताटातलं चाखून बघितलं का? नाव नको. शहाणीसुरती माणसं, समोर वाफाळता मासा, आणि उठली की ओळीने. एक बाई तर म्हणाली, बरं झालं बाई मास्तर होते. सगळे बसमध्ये चढले आणि मी माणसं मोजू लागलो.

आक्का धावत ड्रायव्हरच्या खिडकीखाली आली. हळूच बोलली, भावाचं गुपित फुटू नये म्हणून. मी पायरीवर होतो, मला ऐकू आलं. ती म्हणाली, "दादा, ते तुझं वेगळं होतं. वहिनीने सांगितलं होतं मीठ नको म्हणून. लोकांच्या ताटात बरोबर आहे रे."

त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्वच्छ दिसलं. दोन शब्दांचं काम होतं. चूक झाली, उतरा, जेवा. दुखण्याचा उच्चारसुद्धा करावा लागला नसता.

"आता लोक चढलेत," तो म्हणाला, आणि त्याने बस काढली.

पुढे दुमजली हॉटेल होतं, तिथे जेवणं झाली. जेवता जेवता लोकांनी फोनवर वळणावरच्या खानावळीबद्दल लिहूनही टाकलं. जो आला नव्हता त्यानेही लिहिलं. दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर तिला अळणी खानावळच म्हणायला लागले. आक्का मडकी लावायची, संध्याकाळी शेजाऱ्यांत वाटून टाकायची. मग लावेनाशी झाली.

मी मास्तरला बोललो. चांगला खडसावला. म्हटलं, पुढच्या फेरीला थांबवा, चाखा आणि जमलंय म्हणा, तुमच्या बापाचं काय जातंय? तो काच पुसत राहिला. म्हणाला, "आज अळणी आणि उद्या जमलंय म्हणालो, तर परवा माझ्या शब्दावर कोण बसेल?" मला त्याची किळस आली. तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून गेलो. नोकरी होती.

दुमजली हॉटेलचा मालक मात्र पक्का व्यापारी. आक्काचा हात कसा आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याने तिला मागच्या दाराने कामाला घेतलं. अट एकच, गिऱ्हाइकापुढे यायचं नाही, अळणीवाली म्हणून लोक बिचकतात. ती कबूल झाली. करते काय? सकाळी नवऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची, बाहेरून कडी लावायची आणि चालत निघायची. तांब्या त्याच्या हाताला लागून कलंडला, तर ती परतेपर्यंत तो तसाच. शेजारीण अधूनमधून डोकावायची, तेवढाच आधार.

त्या हॉटेलात तिचं मडकं पहिल्यांदा आमच्या बाकावर आलं तो दिवस मी विसरणार नाही. मास्तरने घास घेतला आणि चावता चावता थांबला. आईचा हात होता तो, त्याला न कळून कसं चालेल? मला वाटलं, आता तरी या दगडाला पाझर फुटेल.

"जमलंय," तो म्हणाला. "असा मासा काठावर दुसरीकडे मिळायचा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, करतं कोण हे? हॉटेलचा मालक हात जोडून पुढे आला आणि त्याचे फोटो निघाले. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. पडद्याखाली आक्काचे पाय दिसत होते. मास्तरने ते बघितले आणि दुसरा तुकडा मागितला. त्या दिवसापासून बस रोज तिथेच थांबायची. बहिणीच्या हातचं तो रोज मिटक्या मारत खायचा आणि तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही. आक्काही त्याच्या वाटेला जायची नाही. एकदाच गेली.

दुपार होती, जेवणं रंगात आलेली. कुणीतरी शेजारणीचा निरोप आणला. नवरा खाटेवरून खाली पडलाय, तोंडातून फेस येतोय, तिच्या एकटीच्याने उचलत नाही. आक्का पिठाने भरलेल्या हातांनी पडदा सारून थेट बाकांपाशी आली. मालक डोळे वटारतोय याचंही तिला भान नव्हतं.

"दादा, गाडी काढ. मला वळणावर सोड, एवढंच कर."

मास्तरच्या हातात घास होता. त्याने भोवती बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, ही बाई कोण म्हणून. दादा कुणाला म्हणतेय ते त्यांना उमजत नव्हतं.

"लोक जेवतायत," तो म्हणाला. "मधूनच उठवू का त्यांना?"

मी उठलो, तिला दंडाला धरून रस्त्यावर नेलं. समोरून दुधाचा टेम्पो येत होता, त्याला आडवा झालो आणि तिला आत बसवलं. ती रडत नव्हती. हाताचं पीठ पुसायला जागा शोधत होती. परत येऊन मी मास्तरला एवढ्या माणसांदेखत कसाई म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. लोकांनी मात्र बघितलं, आणि जेवणात भांडणं नकोत असं मलाच सुनावलं.

आमचा परतीचा रस्ता वळणावरूनच होता. पोटं भरलेली, अर्धी बस पेंगलेली. वळण आलं तसा मी दारात जाऊन उभा राहिलो. पत्र्याच्या खानावळीपुढे हीऽ माणसं जमलेली. बाकं बाहेर काढून भिंतीशी उभी केली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. काय झालंय ते मला तिथेच कळलं, आणि मास्तरलाही कळलं, कारण त्याने गिअर उतरवला. बस अगदी हळू झाली. मी दाराच्या कडीला हात घातला.

मागून एका बाईचा उत्साही आवाज आला. "अहो मास्तर, केवढी गर्दी आहे इथे. म्हणजे इथला मासा चांगला असणार, नाही का?"

"नाही," मास्तर म्हणाला. "इथे काही चव नाही." आणि त्याने गिअर टाकला.

बाई खाली बसल्या. पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येणार आहे, म्हणाल्या, तिच्यासाठी एखादं चांगलं ठिकाण सांगून ठेवा. त्याने सांगितलं.