विरुद्ध असतील त्यांनी हात वर करावा

ब्राझीलमधल्या पोन्ता ग्रोसाच्या मॉर्मन चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद ओनेझिमो काएतानोने बांधला. पांढऱ्या टाइल्स त्याने बसवल्या, सांधे त्याने भरले, आणि कुणाचा बाप्तिस्मा असला की सकाळी लवकर येऊन हौद भरायचाही तोच. बूच जरा तिरकं बसे, ते कसं दाबायचं हे त्याला ठाऊक होतं. पाणी कमरेला आलं की तो नळ बंद करी आणि मागच्या बाकावर जाऊन बसे. पुढचं काम, बाप्तिस्मा देण्याचं, याजकपद असलेल्या पुरुषांचं. ओनेझिमो काळा होता, आणि १९७८च्या जूनपर्यंत त्या चर्चमध्ये काळ्या पुरुषाला याजकपद मिळत नसे.

हे त्याच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या वर्षी, दोन अमेरिकन मिशनरी पोरं दारात आली आणि त्यांनी त्याची दारू सोडवली. शेवटच्या धड्याला खुर्चीच्या कडेवर बसून, कान लाल करून, त्यांनी ही अटही सांगितली. ओनेझिमो तरीही चर्चमध्ये आला. का आलास, असं बायको दाल्विना अधूनमधून विचारी. त्याचं उत्तर दर वेळी वेगळं असे आणि दर वेळी खरं असे.

अटीमागचं कारण चर्चचे प्रमुख राइनाल्दो श्टोकर यांनी त्याला समजावलं होतं. श्टोकरांचं हार्डवेअरचं दुकान होतं. टाइल्सचं सिमेंट ओनेझिमो तिथूनच आणी. ते म्हणाले, जन्माआधी सगळे आत्मे देवापाशी होते, तिथे काहींनी ऐन वेळी कच खाल्ली, आणि ते काळ्यांच्या घरी जन्माला आले. ओनेझिमोने पुष्कळ आठवून पाहिलं. कच खाल्ल्याचं काही आठवेना. पण भिंतीला ओल येते तेव्हा ती कुठून येते हे तरी कुठे दिसतं, असं म्हणून तो ते धरून चालला. मुलगी झाली तेव्हा पुरुषांनी गोल करून तिला हातांवर घेतलं आणि जासिरा हे नाव दिलं. बाप बाकावरून बघत होता.

जासिराला आता आठवं पूर्ण झालं होतं. मॉर्मनांत हेच बाप्तिस्म्याचं वय. पुढच्या रविवारी श्टोकर तिला बाप्तिस्मा देणार हे ठरलं होतं, आणि नाक कसं धरायचं याचा सराव ती घरभर करत होती.

शनिवारी दुपारी श्टोकर घरी आले. दारातच त्यांनी ओनेझिमोला मिठी मारली. त्यांचे डोळे लाल होते.

"भाऊ, साओ पावलोहून फोन आला. सॉल्ट लेकच्या मुख्यालयातल्या वडीलधाऱ्यांनी जाहीर केलंय. देवाचा आदेश झाला. याजकपद आता सगळ्यांना. तुम्हालासुद्धा."

ओनेझिमोने त्यांना खुर्ची दिली. मग विचारलं, "आणि ते आधीचं?"

"कुठलं?"

"जन्माआधीचं. मी कच खाल्ली होती ते."

"ते आता सोडून द्या भाऊ."

"सोडतो. पण खाल्ली होती का नव्हती?"

श्टोकर टोपी हातात फिरवत राहिले. "आनंदाच्या दिवशी हे काय काढलंत? उद्या तुमचं नाव सभेपुढे ठेवतो. पोरीला तुम्हीच पाण्यात घ्या."

ते गेल्यावर दाल्विना म्हणाली, "देवाला अकरा वर्षांनी जाग आली म्हणायची."

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू? तू तर रडतही नाहीस, हसतही नाहीस. खांबासारखा उभा आहेस."

"मला कळत नाहीये."

"काय कळत नाही?"

"तेच तर कळत नाहीये," ओनेझिमो म्हणाला.

जासिराचा वेगळाच घोर. "बाबा, तुला ते शब्द येतात का? एक जरी चुकला तर पुन्हा करावं लागतं. पाणी किती गार असतं माहीत आहे ना?"

शब्द त्याला पाठ होते. रात्री म्हणून पाहिले तर मधलेच गळाले.

रविवारी ब्राझीलचा ऑस्ट्रियाशी फुटबॉलचा सामना होता आणि सभा लांबू नये असं बऱ्याच जणांना वाटत होतं. श्टोकरांनी ओनेझिमोचं नाव घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा." सगळे हात वर गेले, ओनेझिमोचाही. "विरुद्ध असतील त्यांनी." हे विचारताना श्टोकर कधी वर बघत नसत; आजवर कुणी हात वर केलाच नव्हता. तेवढ्यात कुणीतरी खोकलं. त्यांनी मान वर केली तर मागच्या बाकावर एकच हात वर होता, आणि तो ओनेझिमोचा होता.

विरोध असेल त्याच्याशी प्रमुखाने एकट्याने बोलावं, असा नियम आहे. सभा संपल्यावर श्टोकरांनी त्याला खोलीत नेऊन दार लावलं.

"भाऊ, स्वतःच्याच विरुद्ध?"

"विरुद्ध नाही. विचारायचं होतं. हात वर केल्याशिवाय तुम्ही खोलीत बोलावत नाही."

"काय विचारायचंय?"

"कालचंच."

श्टोकर खुर्चीत बसले. बाहेरून कुणाच्या तरी गाडीतल्या रेडिओवर समालोचन चाललं होतं. "मलाही कुणीतरी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं. खरं होतं का, मला माहीत नाही."

"मग मघाशी मोठ्याने तसं म्हणायचं होतं."

"सभेपुढे?"

"सभेपुढे."

श्टोकरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते ओनेझिमोला कळलं नाही. त्याने डोकं खाली केलं. दाराबाहेर थांबलेल्या दोघांना आत बोलावून श्टोकरांनी याजकपद देण्यासाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. हात जड होते. दुसरं काही वाटलं का, असं दाल्विनाने घरी विचारलं. "जड होते," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी हौद त्यानेच भरला. मग पांढरे कपडे घालून त्याच पाण्यात उतरला. जासिरा नाक धरून उभी होती. दोन्ही बाजूंना दोन साक्षीदार, त्यांतले एक श्टोकर. ओनेझिमोने उजवा हात वर केला, मुलीचं पूर्ण नाव घेतलं, शब्द एकही न गाळता म्हटले आणि तिला पाठीवर पाण्यात घेतलं.

"थांबा," श्टोकर म्हणाले. "वेणी पाण्यावर राहिली, केसही बुडायला हवेत. पुन्हा करावं लागेल."

जासिरा कुडकुडत म्हणाली, "सांगितलं होतं ना बाबा."

ओनेझिमोने वळून श्टोकरांकडे पाहिलं. "बघा भाऊ. चुकलं की असं सांगायचं असतं. सगळ्यांसमोर."

मागे दोघंतिघं हसले, आणि हसावं की नाही हे न कळून थांबले. श्टोकर खाली, टाइल्सकडे बघत होते.

ओनेझिमोने मुलीची वेणी तिच्या कॉलरमध्ये खोचली आणि पुन्हा हात वर केला. या खेपेला शब्द म्हणताना त्याचा आवाज कापला. रागाने की आनंदाने, हे त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही.