शिवणकामाचा तास

मालवणात मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. गावात आमचं एकच ज्यू घर. पण त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं. मासेवालीला तर आमचा धर्म पाठ होता. खवल्याशिवायचा मासा आम्ही खात नाही, म्हणून ती कोळंबीची पाटी आमच्या दारात उतरवतच नसे. "बांगडे घेवा. बाकीच्यासाठी देवान तुमचां तोंड बांधून ठेवल्यान," म्हणायची.

शाळेच्या कारकुनाला मात्र रजिस्टर भरायचं होतं. मुलीला पहिलीत घालताना त्याने जात विचारली. मी म्हटलं, "आम्ही ज्यू. बेने इस्रायल."

"तसां काय आमच्याकडे येणा नाय. तुमच्या गावाक तुमकां काय म्हणतत?"

आमचं मूळ गाव अलिबागकडे. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. मी हसत म्हणालो, "शनवारतेली."

"मगे तसां सांगा ना," म्हणून त्याने लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

चार वर्षांनी मुलीला मुंबईच्या ज्यू शाळेत पाचवीला घालायचं ठरलं. तिने आपल्या माणसांत वाढावं, हिब्रू शिकावं, ही बायकोची इच्छा होती. राहायला मावशीचं घर होतं. दाखला हातात आला, त्यावर 'हिंदू तेली'. शनिवार कारकुनाने गाळला होता आणि धर्म पदरचा घातला होता. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. जिल्हा नवा होता, कार्यालयाची खोकी अजून सुटायची होती. आमचा अर्ज त्यांतल्याच एखाद्या खोक्यात गेला असावा.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी आम्ही समितीसमोर बसलो. तीन गृहस्थ होते, तिघेही कोटात, मे महिन्यात. मधल्याने मुलीला शेमा म्हणायला सांगितलं. तिने उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि आमची ती प्रार्थना न अडखळता म्हटली. तिचे डोळे झाकलेले, या तिघांचे दाखल्यावर.

"छान म्हणते," मधला म्हणाला. "पण कागदावर हिंदू आहे."

"तुम्ही आत्ता ऐकलंत ते काय होतं?"

"प्राध्यापकसाहेब, पाठांतर कोणीही करतं. तुमच्या तिकडे सिनेगॉग नाही, ज्यू असल्याचं पत्र देणार कोण? तरी अडचण नाही. इतर धर्मीयांच्या जागा शिल्लक आहेत. हिंदू म्हणून आज प्रवेश देतो. हिब्रूच्या तासाला तिला शिवणकामाला बसता येईल."

हे त्याने उपकार केल्यासारखं सांगितलं, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. दोन हजार वर्षं युरोपात आमच्या लोकांना ज्यू म्हणून दारं बंद झाली, हे मी वर्गात शिकवायचो. ज्यूंच्याच दारात ज्यू नाही म्हणून उभं राहणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी प्रवेशाचा अर्ज उचलला, चार तुकडे केले आणि त्यांच्याच टेबलावर ठेवले. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिचंही बरोबर होतं. सही केली असती तर निदान मुलगी तिथे असती.

मालवणला परत आल्यावर वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. वीस वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. मुलीला शेजारी बसवलं आणि पहिल्याच पानावर तिसऱ्या अक्षराला अडलो. तिने विचारलं, "बाबा, हे काय?" मला येत नव्हतं. समितीवरचा राग आजही तसाच आहे. पण त्या अक्षराशी जो आला, तो माझ्यावरचा होता.