हस्तलिखितांचं कपाट

आमच्या ग्रंथालयात काय आहे ते विचारू नका, काय नाही ते विचारा. मराठी तर आहेच. उर्दू कादंबऱ्या आहेत, देगलूरकडच्या वाचकांसाठी तेलुगू आहे, गुरुमुखी आहे, ब्रेलचे जाडजूड ग्रंथ आहेत, निजामाच्या काळातले नकाशे आहेत. नांदेडात एवढं सगळं एका छताखाली दुसरीकडे दाखवा, मी नोकरी सोडते. पण माझा खरा जीव मागच्या खोलीतल्या चार कपाटांत. तिथं गावोगावच्या शाळांची हस्तलिखितं आहेत. वर्षाला एक अंक, मुलांनीच लिहिलेला, मुलांनीच चित्रं काढलेला. प्रत एकच.

झालं असं, की अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं मावेनात. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मागची खोली मोकळी करा, खुर्च्या टाकू. ती रद्दी कोण वाचून राहिलंय?" रद्दी म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगते, वाचत कोणीच नव्हतं. खुर्च्या वाढवा म्हणून पोरांनी दिलेल्या अर्जावर पहिली सही नायगावकडच्या एका पोरीची होती. तिचंही चुकत नव्हतं. एसटीनं पोचेपर्यंत तिची जागा रोज गेलेली असायची.

दरवर्षी आम्ही व्हरांड्यात सतरंजी अंथरून जुन्या कागदांना हवा देतो. त्या वेळी मी मुद्दाम तिलाच कामाला लावलं. म्हटलं, "खुर्ची पाहिजे ना? मग काय फेकायचंय ते आधी स्वतः उचल."

तोंड फुगवून आली. गठ्ठ्यांवरची शाळांची नावं वाचता वाचता थांबली. एका गठ्ठ्यावर तिच्या आजोळच्या शाळेचं नाव निघालं होतं. तिनं पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही माझी आई हाय."

'आमची म्हैस' असा निबंध होता. इयत्ता सातवी, खाली माहेरचं नाव, अक्षर मोत्यासारखं. "सातवीनंतर लगीन लावून दिलं तिचं," पोरगी म्हणाली. "आता फक्त सहीपुरता पेन धरती. इतकं चांगलं लिवत होती, मला म्हाईतच न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही.

ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीत ती दारातच उभी राहिली. "आमाला खुर्च्या नको. आमी कपाटांच्या मधल्या जागेत सतरंजीवर बसू. पण कपाटं हालवायची न्हाईत." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही शिकवलं नव्हतं, देवाशप्पथ. पण माझी छाती अशी फुगली होती, की मीच शिकवलं म्हणून कबूल केलं असतं तरी चाललं असतं. कपाटं राहिली.

महिन्याभरानं ती आईला घेऊन आली. बाईंनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, हसल्या. "म्हैस लई मारकी होती," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "मला बी नाव घालता येतं का हितं?"

मी सभासद अर्ज दिला. पोरगी भरायला लागली, तर बाईंनी तिच्या हातातून पेन घेतला. एका पानाला अर्धा तास लागला.

अर्ज फायलीला लावायचा असतो. मी नाही लावला. त्याच शाळेच्या अंकाशेजारी, कपाटात ठेवलाय. कोणी हलवून दाखवावा.