पेटीतले हॅम

पेटीवाल्या मामांनी मला चार वर्षे फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून बरेच जण मामांची बाजू घेतील. आमच्या घरात ती सगळ्यांनी घेतलेलीच आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मला फसवून गेलेला दुसरा माणूस नाही. मी सायकलला पातेली बांधून गावोगाव विकत विकत सांगलीत दुकान घातलेला माणूस आहे. पितळेवर टिचकी मारली की त्यात काय मिसळले आहे ते सांगतो. गिऱ्हाईक पायरी चढायला लागले की ते किती ताणणार आणि कुठे मोडणार हे मला त्याच्या चपलांवरून कळते. अशा मला या माणसाने माझ्याच घरात, माझ्याच ताटात, माझ्याच जिभेवर फसवले.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत त्यांची लेक दिली होती, म्हणून ते तिच्याशेजारी खोली घेऊन राहत आणि अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणे. मूळचे औंधच्याही पलीकडच्या कोरड्या मुलखातले, शेरडामेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. वयाच्या अठराव्या वर्षी ते पलटणीत गेले आणि बावीस वर्षे ऑफिसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. पेन्शन घेऊन आले तेव्हा सोबत एक खाकी कांबळे, दोन शब्द इंग्रजी आणि एका पेटीची विद्या आणली. चहाची मोठी लाकडी पेटी, आत उसाचे वाळलेले पाचट ठासून भरलेले, मधोमध पातेले बसेल एवढा खळगा. पातेले स्टोव्हवर अर्धा तास रटरटवायचे आणि झाकणासकट त्या खळग्यात उतरवायचे. वर पुन्हा पाचट, त्यावर कांबळे, त्यावर फळी, फळीवर दगड. मग सहा तास कुणी हात लावायचा नाही. आतले अन्न आपल्याच उष्णतेत सावकाश शिजत राहते. रॉकेलसाठी रांगा लागत होत्या ते दिवस. गल्लीतल्या बायका आधी पेटीला हसल्या आणि महिनाभरात पाचट मागायला मामांच्या दारी उभ्या राहिल्या.

आमची ओळख झाली ती पातेल्यावरून. मामा दुकानात आले, खिशातून गाठी मारलेली दोरी काढली आणि एकेका पातेल्याचा घेर मोजू लागले. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे एक त्यांनी बाजूला काढले. मी भाव सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. अकरा वाजता सुरू झालेला सौदा दुपारी दुकान बंद करायची वेळ झाली तरी तिथेच.

"मामा, या बुडाचं पातेलं अख्ख्या सांगलीत मिळणार नाही."

"म्हून तर आलोय. न्हाईतर तुमचं तोंड बघाय कोण येतंय, शेट?"

"आणि शिजवणार काय यात? डाळच ना?"

हे त्यांना लागले. ते ताठ झाले. "हॅम," म्हणाले. "हॅम आन् भाजी. आमचं ब्रिगेडियर सायेब दोनदा मागून घ्यायचं."

हॅम म्हणजे डुकराची खारवून धुरावलेली मांडी एवढे ऐकून होतो, पण कधी पाहिलेही नव्हते. पण ब्रिगेडियर जे दोनदा मागून घेतो ते आपण एकदाही खाल्लेले नाही, हे काही मला सहन होईना. मी म्हटले, पातेले निम्म्या भावात देतो, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हॅम माझ्या घरी झाले पाहिजे. मामा दोरीच्या गाठी पुन्हा मोजू लागले. मला वाटले, नुकसानीचा अंदाज घेताहेत. मनातून मी खूश झालो.

"शेट, हॅम हितं मिळत न्हाई," ते म्हणाले. "दुसरं कायबी करून घालतो."

दर पाडायला लोक काय काय सांगतात ते मी जन्मभर ऐकत आलो आहे. "मग पातेलंही मिळत नाही," मी म्हणालो.

मामांनी पातेल्यावरून एकदा हात फिरवला. "बरं," म्हणाले. "हॅम तर हॅम."

दुकानात केलेला सर्वांत चांगला सौदा म्हणून मी तो चार वर्षे लोकांना सांगत होतो.

रविवारी सकाळी आठला मामा सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून यायचे. माणूस चालत असला तरी परेडला चालल्यासारखा वाटायचा आणि सायकलवर असला तरी तसाच. स्वयंपाकघराचे दार लावून घेतले जाई. आत फक्त आमची मंडळी, म्हणजे बायको. मला मज्जाव. "कच्चं हॅम मालकानं बघायचं नसतंय. मेसमधी सायेब लोकबी बघत न्हाईत," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि साहेब लोकांत माझी गणना झाल्यामुळे मी ते ताबडतोब मान्य केले. भाज्या मात्र मला दिसत: अख्खे कांदे, सोललेले बटाटे, लांबट चिरलेली गाजरे, चार फाका केलेला कोबी, मिरे, लवंग, गुळाचा खडा. सगळे पेटीत गेले की मामा पेटीला पाठ टेकून जमिनीवर बसत. पाठीला ऊब किती लागते त्यावरून आत काय चालले आहे ते त्यांना कळे. मी गल्ल्यावरच्या माणसावर ओरडतो तसा घरात कुणावर ओरडलो की ते बोट वर करत. "पेटी झोपलीय, शेट. हळू."

मला थांबायची सवय नाही. एका रविवारी बारा वाजता मामा बाहेर गेलेले पाहून मी दगड, फळी, कांबळे बाजूला केले आणि झाकण उचलले. मामा परत आले, वाफेकडे पाहिले. कांबळे खांद्यावर टाकून सरळ घरी गेले. त्या दिवशी आम्ही अर्धे कच्चे बटाटे खाल्ले. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि पुढच्या पहिल्या रविवारी आठ वाजता काहीच न घडल्यासारखे सायकल घेऊन हजर. मी तर अशा पेट्या पातेल्यासकट दुकानात विकायचाही घाट घातला होता. एक विकली गेली नाही. गिऱ्हाईक आले की मी कौतुकाने झाकण उघडून दाखवी आणि आत सगळे थंडगार.

मामांची सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे ते चाखत नसत. अडीच वाजता झाकण उघडले की डोळे मिटून एक लांब श्वास घेत, आणि मग मीठ टाकत किंवा नुसती मान हलवत. मी एकदा विचारले. म्हणाले, "बावीस वर्सं हॅम केलं, जिबंला लावलं न्हाई. घरात चालत न्हवतं, मग बाह्येर तरी कशापायी खायाचं? वास समदं सांगतोय." ते हॅम काय लागायचे ते मी इथे लिहू शकत नाही. धुरकट, किंचित गोड, सुरी न लावता सुटणारे, आणि त्याचा रस प्यालेले बटाटे. चौथ्या ताटापर्यंत मी बोलत नसे. हे माझ्या बाबतीत फार मोठे आहे.

आता आमच्या मंडळींचे. तिने पातेल्याच्या सौद्याच्या दिवशीच मला बजावले होते की डुकराचे काही घरात आले तर ती इस्लामपूरला भावाकडे निघून जाईल. पहिल्या रविवारी ती मामांबरोबर स्वयंपाकघरात गेली, दहा मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "चालेल." वर आपली माहेरची चांगली ताटे काढली. मी ही गोष्ट बाजारात मित्रांना सांगत असे, की घरात माणसाच्या शब्दाला वजन पाहिजे. तसेच पावसाळ्यात हॅम होत नसे. मिलिटरीच्या कॅन्टीनला माल येत नाही, असे मामा सांगत. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की माल यायला लागायचा. बाजारातल्या प्रत्येक मालाची आवक मी तारखेनिशी सांगू शकतो आणि हे मला दिसले नाही.

चौथ्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचे लग्न जवळजवळ जुळले. मुलगा कॅप्टन, वडील साताऱ्याचे निवृत्त मेजर. मुलगा तिला फार आवडला होता, हे तिच्या आईने मला दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा सांगताना ताकीद दिली की काही बिघडवू नका. मेजरसाहेब घर पाहायला येणार होते. मी पत्र लिहिले की आमच्याकडे महिन्यातून एकदा हॅम होते, आपण त्याच रविवारी यावे. पत्र टाकून आल्यावर घरात सांगितले तर थोरली पांढरी पडली. मंडळी म्हणाली, "साधं मटण करू या की." मामा तर सरळ नाही म्हणाले.

"त्या दिशी नको, शेट. मेजरसायबानं जलमभर हॅम खाल्लेलं आसणार."

"म्हणूनच तर," मी म्हणालो, आणि पातेल्याचा करार काढला.

मेजरसाहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहून, हे कुणी केले, असे विचारले. मी अभिमानाने मामांना हाक मारली. मामा आले आणि खांद्यावरचा पंचा काढून सावधानमध्ये उभे राहिले.

"कुठल्या मेसला होतास?"

मामांनी सांगितले.

"हे हॅम आहे?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग दाराआड उभ्या असलेल्या थोरलीकडे पाहिले. हो म्हणावे तर पोरीच्या सासऱ्याशी पहिल्याच दिवशी खोटे बोलणे झाले, नाही म्हणावे तर त्याच सासऱ्यासमोर तिच्या बापाची अब्रू गेली. तिने ओठ घट्ट मिटले होते.

"न्हाई, सायेब," मामा म्हणाले. "शेरडाची मांडी हाय. तीन दिस मीठ-गुळात दगडाखाली दाबली. मग गुऱ्हाळाच्या चुलवाणावर धुरात टांगली. वास त्योच येतोय."

"यांना माहीत आहे?"

"न्हाई, सायेब. ह्यास्नी सोडून समद्यास्नी ठावं हाय."

चमचा ताटात ठेवल्याचा आवाज मी अजून ऐकतो. मग मेजरसाहेब म्हणाले, "तुझ्या मेसला मी असतो तर तुला हॅम करू दिलं नसतं. हेच करायला लावलं असतं." आणखी वाढायला ताट पुढे सरकवून ते माझ्याकडे वळले. "पाहुणे, मुलीला येतं का हे?"

दाराआडून मंडळी बोलली, "येतं. आजच्या मांडीला मीठ तिनंच चोळलंय."

लग्न तिथेच ठरले. सगळे हसत होते, पेढे वाटत होते, आणि मी एकटा पडवीत रागाने बसलो होतो. मामा पेटी बांधत होते.

"चार वर्षं, मामा?"

"शेट, मी पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, हॅम हितं मिळत न्हाई. तुमीच म्हणलासा, मग पातेलं बी मिळत न्हाई." त्यांनी दोरीची गाठ आवळली. "मला पातेलं पायजे व्हतं."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मात्र सातपासून फाटकात उभा राहिलो, उरलेले सुनावायला. बरोबर आठला सायकल आली. मी विचारले, आज काय आणले? मामा म्हणाले, "हॅम." मी फाटक उघडले.

त्यानंतर दोनच हंगाम मिळाले. मामांचे गुडघे गेले, ते गावाकडे गेले आणि तिथेच गेले. मला कळले ते तेराव्यानंतर, त्यांच्या लेकीकडून. मग एका हिवाळ्यात थोरलीकडे छावणीत गेलो असताना जावयाने कौतुकाने डबा फोडला आणि खरे हॅम पुढे ठेवले. गुलाबी, गुळगुळीत, खारट. मी घास गिळला आणि म्हणालो, हे हॅम नव्हे. जावई हसला. थोरली हसली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी आता साठीला आलो आहे. ज्याला सगळी दुनिया हॅम म्हणते ते मला खोटे लागते, आणि जे खरे लागते ते करणारा माणूस उरलेला नाही. थोरली करते, चांगले करते, पण ती चाखून करते. माझ्या जिभेचे हे जे कायमचे नुकसान झाले आहे त्याबद्दल कुणाला तरी जबाबदार धरलेच पाहिजे. मंडळींना विचारले तर ती म्हणते, तुम्ही कधी विचारलंत? मामा गेले म्हणून प्रकरण मिटले, असे मी मानत नाही. मला उत्तर हवे आहे, आणि ते कुणीतरी माझ्या समोर बसून द्यावे.