हिंगणघाटवरचं मुकं विमान

अकोल्याहून निघालेलं फ्लाइंग क्लबचं छोटं विमान नागपूरला पोचायची वेळ टळून पाऊण तास झाला होता. मे महिन्यातली दुपार, आभाळभर धूळ. मी टॉवरमध्ये कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणारा. मी हाका मारत होतो. उत्तरादाखल स्पीकरमधून नुसतं ‘खट्’ यायचं.

माझ्या लक्षात आलं, पायलटला माझं ऐकू येतंय, पण त्याचा आवाज रेडिओतून बाहेर पडत नाही. फक्त बटण दाबल्याचा आवाज येतोय.

मी म्हणालो, “ऐकू येत असेल तर ‘हो’साठी एकदा दाबा, ‘नाही’साठी दोनदा. वाट चुकलात?”

खट्.

“पेट्रोल तासभराचं आहे?”

खट्, खट्.

“अर्ध्या तासाचं?”

थोडं थांबून, खट्.

खाली नदी, रेल्वे आणि कापड गिरणीची चिमणी दिसते, एवढं विचारून विचारून काढलं.

शेजारी उभे असलेले आमचे साहेब म्हणाले, “पुलगाव! अकोल्याहून येताना वाटेतच आहे. द्या दिशा.”

“साहेब, नदी, रूळ आणि गिरणी हिंगणघाटलाही आहेत. पुलगावचे रूळ पूर्व-पश्चिम, हिंगणघाटचे दक्षिण-उत्तर. पुलगावहून नागपूरची जी दिशा, ती हिंगणघाटवरून धरली तर तो उमरेडच्या जंगलावर जाईल.”

मी माइक उचलला.

“होकायंत्र बघा. रूळ पूर्व-पश्चिम जातात?”

खट्, खट्.

तरी साहेबांना खात्री हवी होती. मलाही हवी होती. मी पायलटला चिमणीभोवती घिरट्या घालायला सांगितलं आणि रेल्वेच्या फोनवरून हिंगणघाट स्टेशन गाठलं. फोनवरचा माणूस बाहेर जाऊन बघून आला.

“आहे ना साहेब! गिरणीवरच चकरा मारून राह्यलं. लोकं छपरावर चढले पाहाले!”

मी दिशा दिली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं दर मिनिटाला विचारत होतो, “सगळं ठीक?” आणि त्या एका ‘खट्’ची वाट बघत होतो. शेवटी धुळीतून पंख दिसले. चाकं टेकली तेव्हा साहेब खुर्चीत बसले.

मी खाली पळालो. पायलटचा शर्ट घामानं चिंब होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मागच्या सीटवरून त्याच्या सासूबाई उतरल्या. लेकीकडे अकोल्याला गेल्या होत्या, जावई त्यांना नागपूरमार्गे घरी सोडणार होता.

“घाबरलात का, मावशी?” मी विचारलं.

“मी काऊन घाबरू? मी वडनेरची. दर बाजाराले हिंगणघाटले जातो. जावईबुवाले कवाची सांगून राह्यली, हे आपलं हिंगणघाट आहे म्हणून. पण ते आयकतच नाई!”

“इंजिनाच्या आवाजात शब्द कळेनात. मला वाटलं, त्यांना मळमळतंय,” जावई पुटपुटला.

पुढे नोकरीभर वाट चुकलेल्या प्रत्येक पायलटला मी आधी एकच विचारत आलो: विमानात आणखी कोण आहे, आणि ते काय म्हणतायत?