आमच्या खोलीत शिरलं की डोळे सरळ!

माझ्या नवऱ्याची कायमची तक्रार आहे, "बाकीच्या बायका कामावरून येताना भाजी आणतात, तू किस्से आणतेस!" आता मी काय करू? परळच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात मी टेक्निशियन आहे. मुलांच्या डोळ्यांवर कॅमेरेवाला गॉगल चढवायचा, भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे बघायला सांगायचं आणि डोळे कसे हलतात ते रेकॉर्ड करायचं. सतरा वर्षं हेच चाललंय. किस्से साचतच जातात. एकट्या स्वराचेच इतके आहेत की आज फक्त तिचे सांगते.

स्वरा पालव, वय नऊ, राहणार लालबाग. आधी नुसता घसा दुखला, ताप आला आणि गेला. पंधरा दिवसांनी पोरगी एकदम बदलली. सारखे हात धुवायची, आईचा पदर सोडेना, आणि डोळे मध्येच गर्रकन वर जायचे. आमच्या डॉक्टर मॅडम अशा आईबापांना सोपं करून सांगतात, "घशातल्या जंतूंशी लढायला शरीराची फौज निघते आणि कधीकधी चुकून आपल्याच मेंदूवर चाल करून जाते." संशय हाच होता, पण ही फीट तर नाही ना, ते बघितल्याशिवाय औषध ठरेना. त्यासाठी डोळे फिरताना रेकॉर्ड व्हायला हवे होते. वर शाळेची चिठ्ठी, मुलगी टीचरला डोळे फिरवून दाखवते, उद्धट झाली आहे! स्वरा बिचारी सगळ्यांना सांगत होती, "मी करत नाही." कुणाला पटत नव्हतं, घरीसुद्धा.

* * *

पहिल्या दिवशी गॉगल चढवला. वीस मिनिटं डोळे एकदम सरळ! बाहेर बाकावर जाऊन बसली आणि लगेच तीनदा वर. मी धावत जाऊन तिला आत आणली, तर पुन्हा सरळ. मन लावून एका जागी बघितलं की हे थोडा वेळ थांबतं, आणि आमची सगळी टेस्टच मन लावून बघायची! मी घामाघूम झाले.

तिचे बाबा शांतपणे म्हणाले, "ताई, आमचा मिक्सरपण असाच हाय. घरी बंद, दुकानात नेला की चालू!"

* * *

मग मॅडमनी आईला सांगितलं, घरीच व्हिडिओ काढा. आठवड्यात चौदा व्हिडिओ आले. पहिल्यात पंखा. दुसऱ्यात आईची हनुवटी. तिसऱ्यात शेजारीण डोकावली, "काय गो, शूटिंग चाललाय?" आणि स्वराने लगेच दोन बोटं वर करून पोझ दिली. एकात तर फोनने आपल्या मनाने पोरीला सशाचे कान लावले होते!

मॅडमनी चौदाही व्हिडिओ बघितले, अगदी शेवटपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "कान नॉर्मल आहेत."

* * *

पुढच्या खेपेला आजी आली. आजीचं निदान पक्कं होतं, "माझ्या नातीक नजर लागली हा." पिशवीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. मी म्हटलं, आजी, इथे काही जाळायचं नाही हं! "जाळूक नाय गो, नुसती उतरतंय." उतरू दे म्हटलं. त्या दिवशी माझा कॉम्प्युटर सकाळपासून रुसलेला होता, आयटीवाला दोनदा येऊन हात टेकून गेला होता. आजीने नातीची दृष्ट काढली, मग मशीनकडे बघून म्हणाली, "ह्येचीपण काढतंय," आणि त्याच्यावरूनही मूठ ओवाळली.

कॉम्प्युटर सुरू झाला!

देवाशपथ सांगते, खोटं नाही. अजूनही तो हँग झाला की एवढ्या शिकलेल्या मॅडम मला हळूच विचारतात, "आजींचा नंबर आहे का गं?"

* * *

आईबापांना विचारावं, डोळे नेमके कुठे जातात? तर उत्तर ठरलेलं, "असे इकडेतिकडे." स्वराच्या बाबांनी, पालवांनी मात्र माझ्या हातातलं पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागे डोळ्यांच्या सहा जोड्या काढल्या. आधी सरळ, मग वर, जरा डावीकडे, पापणी अशी, परत येताना अशी. मॅडम बघतच राहिल्या.

"तुम्ही करता काय?"

"गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. देवाचे डोळे." मग कागदाकडे बघतच म्हणाले, "वीस वर्षं डोळेच बघतोय ना मॅडम. पोरीचे कसे नाय दिसणार?"

तेवढ्यात आमच्या शिकाऊ डॉक्टरने तेच चित्र फाइलमध्ये उतरवायला घेतलं. पालव थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांना राहवेना. "डॉक्टर, हे डोळे हायत का मेदूवडे?"

* * *

चित्र कितीही छान असलं तरी मॅडमना रेकॉर्डिंग हवंच होतं. चौथ्या खेपेला मी सरळ लबाडी केली. दिवा लावला, "संपलं गं बाई, सुटलो!" म्हटलं, गॉगल तसाच ठेवला आणि गप्पा सुरू केल्या. घरी काय केलंय आज? तर म्हणे कोलंबीची आमटी. आईची बरी की आजीची? पोरगी विचारात पडली, आणि पडद्यावर डोळे वर! एकदा, दोनदा, सात वेळा! मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "बोलत राहा, बोलत राहा." मी सुरमईपर्यंत पोचले होते.

मग स्वराला मी पडदा दाखवला. तिने स्वतःचेच डोळे तीनदा बघितले आणि विचारलं, "आता बाबांना खरं वाटेल?" पालव मागेच उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. मी रडले, सांगूनच टाकते. रेकॉर्डिंग आणि बाकीच्या टेस्ट बघून मॅडमनी औषध सुरू केलं.

* * *

राहता राहिली शाळा. मॅडमनी टीचरना बोलावून घेतलं. कडक बाई, इस्त्रीची साडी, आल्या आल्या म्हणाल्या, "डॉक्टर, सॉरी, पण मी म्हटलं 'बंद कर' की ती बंद करते. म्हणजे मुद्दामच ना?"

मॅडम वाद घालत बसत नाहीत. "टीचर, एक मिनिट खुर्चीत बसता? ठिपक्याकडे बघायचं, फक्त पापणी हलवायची नाही."

मी गॉगल चढवला. स्वरा कोपऱ्यातल्या स्टुलावर. टीचरचे डोळे पडद्यावर हे एवढाले! दहा सेकंद कडक. पंधरा सेकंद, पाणी यायला लागलं. अठराव्या सेकंदाला पापणी पटकन मिटली.

"हललं," मॅडम म्हणाल्या.

"परत घ्या," टीचर म्हणाल्या. परत घेतलं. बाराव्या सेकंदाला मिटली. तिसऱ्यांदा तर आठव्यालाच!

"टीचर, मी म्हणतेय ना, बंद करा," मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण मी मुद्दाम नाही करत!" टीचरचा आवाज चढला, मग एकदम बारीक झाला. "आपोआप होतंय..."

टीचर गॉगल काढेनात.

स्वरा स्टुलावरून उतरली, खुर्चीपाशी गेली आणि टीचरच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "टीचर, घाबरू नका. इथे कुणी ओरडत नाही."